बत्तिसावी काडी

१२ जाने., रवि.
व्याख्यान झालं. बुधवार पेठेतलं वाचनालय, तीसेक डोकी. विषय: चौथी मिती. काड्यांचा सांगाडा नेला होता. खराट्याच्या काड्या, कोपऱ्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची नळी. घनाची सावली भिंतीवर सपाट पडते, तशी चार मितींच्या घनाची सावली आपल्या जगात पडली तर ती अशी. "सोळा कोपरे, प्रत्येकात चार काड्या," ठणकावून सांगितलं.

शेवटी देवधरबाई उठल्या. एकाच शाळेत तीस वर्षं, त्या भौतिकशास्त्र, मी गणित. "इंगळेबाई, चौथी मिती म्हणजे काळ. ती काय खराटा मोडून कळते होय?" सगळे हसले. म्हटलं, मी अवकाशातल्या चौथ्या दिशेबद्दल बोलतेय. लांबी-रुंदीत मागे फिरता येतं, काळात येत नाही, म्हणून तुमच्या सापेक्षतेच्या सूत्रातही त्याचं चिन्ह उलटं. कोण ऐकतंय.

वर सांगाडा उचलून चालत्या झाल्या. "नीट बघते आणि देते."

१४ जाने., संक्रांत
दे.बाई आल्या नाहीत. (पूर्ण नाव लिहिण्याइतका मान उरलेला नाही.) इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मीही गेले नाही. अकोल्याहून नवीन आले तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्या वऱ्हाडी बोलण्याला सगळे हसायचे. तेव्हा डबा घेऊन शेजारी येऊन बसल्या त्या याच. म्हणून जास्त लागलं.

२० जाने.
फोन केला. सांगाडा?
"बघतेय अजून."
एवढं बघण्यासारखं काय आहे त्यात?
"तुम्हीही बघायला हवं होतं." ठेवला. सत्तरी आली तरी खवचटपणा जात नाही.

२३ जाने.
वाचनालयाच्या सेक्रेटरींना पत्र दिलं. माझी वस्तू परवानगीशिवाय नेली, परत देत नाहीत, अशा व्यक्तीचं फेब्रुवारीतलं सापेक्षतेवरचं व्याख्यान ठेवावं का, विचार व्हावा.
"परवानगीशिवाय" खरं नाही. मी "न्या" म्हटलं होतं, तोंडातल्या तोंडात का होईना. शब्द तसाच ठेवला.

२७ जाने.
त्यांचं व्याख्यान रद्द. ९ तारखेला त्यांच्या जागी मी. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

४ फेब्रु., रथसप्तमी
तिळगुळाचा शेवटचा दिवस. अकराला बेल. दाराच्या भिंगातून पाहिलं तर दे.बाई, धापा टाकत. स्वारगेटहून धायरीची बस, लिफ्ट बंद, तिसरा मजला, गुडघे गेलेले. दार उघडलं नाही. स्वतःच्याच घरात चोरासारखी श्वास रोखून उभी.
"इंगळेबाई, चपला दिसतायत तुमच्या."
पाच मिनिटं थांबल्या. मग गेल्या.

कडीला पिशवी. तिळगुळाचा डबा आणि सांगाडा. सांगाड्यात एक काडी लाल.
मोजल्या. सोळा चोक चौसष्ट, प्रत्येक काडीला दोन टोकं, म्हणजे बत्तीस हव्यात. लाल धरून बत्तीस. माझ्या एकतीसच होत्या. दोन कोपऱ्यांत तीन-तीन, आणि मी चार चार म्हणून ओरडत होते. जन्मभर पोरांना सांगितलं, पडताळा घ्या.

त्यांना तिथेच दिसलं असणार. बोलल्या नाहीत. काळावरून टोमणा मारला, हशा पिकवला आणि कुणी मोजायच्या आत सांगाडा घेऊन गेल्या. लाल का, ते त्याच जाणोत. मास्तरकी कुठे सुटते.

५ फेब्रु.
तीनदा फोन. उचलत नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, रद्द केल्याचं पत्र त्यांना काल संध्याकाळी पोचलं. सोबत माझ्या पत्राची प्रत. म्हणजे जिने चढल्या तेव्हा त्यांना काही ठाऊक नव्हतं.
म्हटलं, पत्र मागे घेते.
"आता कसं, बाई? पत्रिका वाटून झाल्या."

८ फेब्रु., शनि.
उद्या व्याख्यान. लाल रंग खरवडायला सुरी घेतली. परत ठेवली. तिळगुळाचा डबा उघडलेला नाही.
कुणीतरी विचारणारच, एकच काडी लाल का? उत्तर मला येतं. भरसभेत देता येईल की नाही, माहीत नाही.