होडीच्या अर्जावरचा तुझा अंगठा

प्रिय आते,

काल पोस्टमनने तुझ्या नावाचं पत्र माझ्या हातात ठेवलं. ‘अध्यक्षा, महिला मंडळ’ आणि खाली तुझं अख्खं नाव, टाइप केलेलं! पाहणीला आलेल्या साहेबांना आम्ही सांगितलं होतं की तू गेलीस, पण मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाने अर्जावरचंच नाव उतरवलं असणार. म्हटलं, पत्र तुझं, तर खबरही आधी तुलाच द्यायला हवी.

आते, होडी मंजूर झाली गो!

आता तू म्हणशील, “मेल्या, शिस्तीत सांग. एक धरतस आणि दुसरा सोडतस.” बरं, शिस्तीत सांगतो.

मंगलपासूनच सुरू झालं ना सगळं? शाळा खाडीपलीकडे आणि वाडीची होडी म्हणजे चाळण. एकदा मधोमध पाणी भरलं, पोरं कशीबशी काठाला लागली, आणि तुझ्या सुनेने मंगलला तिसरीतूनच घरी बसवलं. तिच्यामागून आणखी चार पोरी बसल्या. नातीला चुलीपाशी बसलेलं बघून तुझ्या घशाखाली घास उतरेना. त्यातच बाजारात तुला कळलं की मुंबईला गेलेल्या आपल्या लोकांनी गावच्या मंडळांना मदत द्यायला निधी काढलाय. डोक्यावरची मासळीची पाटी उतरवायच्या आधीच तू मला धरलंस.

“तुका लिवूक येता मां? मगे लिव.”

“आते, मी सातवी नापास!”

“नापास झालस, पण सातवीत मां? वाडीत दुसरो कोण थंय पोचलो?”

मी दौत घेऊन बसलो. अर्ज लिहिला. तू अंगठा उठवलास आणि शाईत पेडव्याचं एक खवलं चिकटलं. मी ते काढायला गेलो तर म्हणालीस, “रवांदे. त्यांकाय कळांदे अर्ज खंयसून इलो तो.”

आणि तो पहिला अर्ज मी घालवला. पोस्टाने वेळेत पोचला नसता म्हणून कुडाळहून मुंबईला निघालेल्या गाववाल्याच्या हाती द्यायचा होता. मी निघालो, तो वाटेत बाहुल्यांचे खेळ करणाऱ्यांची पिंगुळी लागली! एका अंगणात एक म्हातारा कळसूत्री रावणाचा तुटलेला हात जोडत बसला होता. म्हटलं, एवढा हात जोडलेला बघून निघू. दोन दिवस गेले. गाववाला गेला, तारीख गेली, अर्ज माझ्या खिशातच.

घरी परतलो तेव्हा तू मारशील म्हणून मी अंगणातच उभा राहिलो. तू पाटी धूत होतीस. मान वर न करता विचारलंस, “रावणाचो हात तरी जोडलो काय?”

त्यापेक्षा चार तडाखे दिले असतेस तर बरं झालं असतं, आते. उत्तर न देता मी पळालो, ते थेट महिन्याने घरी आलो.

दुसऱ्या वर्षी मात्र तूही काही कमी केलं नाहीस हं! निधीचे साहेब पाहणीला येणार, बोटीने मालवणला उतरणार, म्हटल्यावर तू शाळामास्तरांच्या खुर्च्या आणल्यास. पलीकडच्या शेटची नवी, रंगवलेली होडी मागून आणलीस. आपली फुटकी होडी माडांत नेऊन झावळ्यांखाली झाकलीस! वर सुरमई, वडे, सोलकढी. साहेब तृप्त झाले आणि कागद आला: ‘संस्थेची स्थिती उत्तम. मदत अधिक गरजू संस्थेस द्यावी.’

मी डोकं धरून बसलो, आणि तू?

“उत्तम म्हटल्यान मां? मगे रडतस कित्या?”

तो कागद अजून तुझ्या देव्हाऱ्यात आहे. अगं, मदत मागायची तर उणं दाखवायला नको? पण ते तुला कसं जमणार? “मागूचा म्हणान पावण्याक काय फुटक्या होडयेत बसवू?” हेच तुझं पालुपद.

तिसऱ्या अर्जावर तू अंथरुणातून अंगठा दिलास. तो मी त्याच दिवशी पोस्टात टाकला, वाटेत कुठे थांबलो नाही.

साहेब पुन्हा आले तोवर तू गेली होतीस; बायकांनी तुझ्याच रीतीने घाट घातला. शेटची होडी आणायचं काम माझ्याकडे. निघालो, तर किनाऱ्यावर गावकरी रापणीचं मोठं जाळं ओढत होते. दोराला हात लावला की मध्येच सोडता येतो का, तूच सांग! जाळं वर आल्यावर मी धावत खाडीवर पोचलो, तर साहेब वाडीच्याच फुटक्या होडीत, शाळा सुटलेल्या पोरांच्या गर्दीत, गुडघ्यापर्यंत भिजलेले! एक पोरगा त्यांच्या हातात नारळाची करटी कोंबून ओरडत होता, “सायबानू, उपसा! नायतर बुडतलात!” आणि साहेब उपसत होते.

काठावर उतरून त्यांनी विचारलं, “गेल्या वर्षी ही होडी कुठे होती?”

बायका एकमेकींच्या मागे सरकल्या. शेवटी तुझी सून म्हणाली, “सासूबायन लपयली होती.”

साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा पाण्यात पडला. मंगलनेच बुडी मारून काढून दिला. “कितवीत आहेस गं?” त्यांनी विचारलं. “तिसरीत होतंय, आता घराकच असतंय,” ती म्हणाली. मग ते हसले नाहीत.

खरं सांगू, आते? दोर धरला तेव्हा तुझं काम मला आठवत होतं. तरी सोडला नाही. ते विसरणं होतं की आणखी काही, माझं मलाच कळत नाही. तुझी अब्रू गेली असेल तर माझ्यामुळे.

पत्राच्या शेवटी एक अट आहे. होडी वर्षभर चालवायला एका जबाबदार माणसाचं नाव कळवा. बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि तुझी सून म्हणाली, “ह्येचा नाव? पोरांका घेवन होडी गोव्याक पोचतली!” सगळ्या खिदळल्या. मीही हसलो. मग दौत पुढे ओढली आणि माझंच नाव लिहिलं.

एक वर्ष, आते. रोज दोन खेपा, मंगल पहिल्या फळीवर. कुणकेश्वरच्या जत्रेला तेवढा जाईन. त्या दिवशी शाळेला सुट्टीच असते. बाकी पिंगुळी असो की रापण, मी होडी सोडणार नाही.

आणि हो, तेव्हा सांगायचं राहिलं. रावणाचा हात जोडला होता गो. अगदी मजबूत बसला.

तुझा भाचा,
गजा
(यंदापुरता इथलाच)