पडणारे आयर्न झेलू नये

आदरणीय भावोजींच्या सेवेशी,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात शाबूत आहेत आणि दहाही बोटे जागच्या जागी आहेत, हे आपल्याला आधीच कळावे म्हणून मुद्दाम लिहिले.) आपली प्रकृती, ताईची प्रकृती आणि ताईचा राग, ही तिन्ही कशी आहेत ते कळवावे. नवीन चष्म्यामुळे आपल्याला बारीक तारा दिसू लागल्या, असे ताईने मागच्या पत्रात लिहिले होते. ते वाचून इकडे सर्वांना समाधान वाटले. बाबा म्हणाले, "तारा दिसू लागल्या, आता कधीतरी सासराही दिसेल." (हे लिहायला त्यांनी सांगितलेले नाही, पण बोलले मोठ्याने.)

आता मुद्द्याचे. गेल्या महिन्यात आपण आलात तेव्हा मला तारा जोडायचे आपले जुने सोल्डरिंग आयर्न दिलेत आणि म्हणालात, की महिनाभर घरी हात बसव, मग या पोरामुळे घरात कोणी भाजले नाही अशी चिठ्ठी घरातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन मला पाठव; एक तारखेपासून माझ्या दुरुस्तीच्या दुकानातले रिकामे स्टूल तुझे. आपण हे हसत म्हणालात, पण मी ते हसत ऐकले नाही. नववीत मी शाळेला आणि शाळेने मला सोडले, तेव्हापासून आपले म्हणावे असे स्टूल मला कुठेच मिळालेले नाही. पिठाच्या गिरणीत मी प्रत्येक पिशवी दोनदा तोलत असे, म्हणून रांग रस्त्यापर्यंत जाई. छापखान्यातून तर मला तिसऱ्याच दिवशी काढले, कारण मालकाच्या नावातला ऱ्हस्व मी दीर्घ केला. (तो दीर्घच असतो.) बाबा लोकांना सांगतात, "आमचा मुलगा कुठेही टिकतो, पण तिथले लोक त्याच्यापुढे टिकत नाहीत." तेव्हा हे स्टूल म्हणजे माझ्यासाठी काय आहे, हे आपण जाणताच.

म्हणून आपल्या सर्व सूचना मी त्याच दिवशी पुठ्ठ्यावर लिहून टेबलासमोरच्या भिंतीला लावल्या. खिडकी उघडी ठेवावी. टेबलावर कागद, कापड काही नको. आयर्न हातात नसेल तेव्हा ते स्टँडमध्येच असावे. स्पंज ओला असावा. धुरावर तोंड नेऊ नये. ज्या वस्तूचे काम करायचे तिचा प्लग आधी काढावा. उठताना आयर्नचाही प्लग काढावा, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाकडे बघू नये, कारण सोल्डरच्या तारेत शिसे असते. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरांत, आपण स्वतःच्या तळहातावरचा पांढरा डाग दाखवून सांगितलेली सूचना : आयर्न टेबलावरून पडले तर झेलू नये. पडू द्यावे, मागे सरावे, मग शांतपणे दांड्याला धरून उचलावे.

बाकीच्या सूचना पाळणे सोपे आहे. खिडकी उघडायला मनुष्यस्वभाव आड येत नाही. (आमच्या खिडकीची कडी येते, पण तो विषय वेगळा.) परंतु पडणारी वस्तू न झेलणे फार अवघड आहे, भावोजी. हात डोक्याला विचारत नाही. तो आधी पुढे जातो आणि काय झाले ते मागाहून कळवतो. म्हणून मी ठरवले, की आधी थंड आयर्नवर सराव करावा. अकरा दिवस मी प्लगच लावला नाही. रोज सकाळी आठ वाजता टेबलाशी बसायचे, कोपराने आयर्न खाली पाडायचे, दोन्ही हात वर करायचे आणि उठून एक पाऊल मागे सरायचे, असे वीस वेळा. खाली जुनी उशी ठेवली होती, म्हणजे आपल्या आयर्नला इजा नको. पहिल्या दिवशी मी वीसपैकी एकोणीस वेळा झेलले. (विसाव्या वेळी पाठीला खाज सुटली होती.) आठव्या दिवशी मात्र वीसच्या वीस वेळा सुखरूप पडू दिले.

या सरावाबद्दल पहिली तक्रार खालच्या मजल्यावरून आली. तिथे निवृत्त बस कंडक्टर राहतात, त्यांना सगळे कंडक्टरकाकाच म्हणतात. ते वर येऊन दारातच म्हणाले, "तीस वर्षं लोकांना पुढे सरका, पुढे सरका सांगून घसा बसला माझा. आणि आता माझ्या डोक्यावर हा रोज वीस वेळा मागे सरकतोय!" मी त्यांना पुठ्ठा वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि विचारले, "यात काम कधी करायचं ते कुठे लिहिलंय?"

दुसरी अडचण घरातलीच होती. आपण पाहिलेच आहे, आमच्याकडे टेबल एकच. त्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बाबांचे वर्तमानपत्र आणि मध्ये आईची भाजी. म्हणजे उद्या तापलेले आयर्न पडले, तर मी झेलणार नाही, पण बाबा झेलतील. म्हणून नवव्या दिवसापासून मी घरच्यांचाही सराव सुरू केला. बाबांना तो फार आवडला. पडलेले उचलायचे नाही आणि वर शाबासकी मिळवायची, अशी कवायत आपल्याला तरुणपणीच कोणी का शिकवली नाही, असे ते म्हणाले. प्रत्येक वेळी हात वर करून मागे सरताना ते स्वतःच स्वतःला "शाब्बास!" म्हणत. आई तयार नव्हती. "पडलं ते कोणी उचलायचं नाही, असं करून घर चालतं का?" असे तिचे म्हणणे. शिवाय ती आपल्या आयर्नला डागणी म्हणते, आणि ते थंड असल्याचे बघून त्या अकरा दिवसांत तिने त्याने बाबांच्या लेंग्यात नाडी ओवली, लोणच्याच्या बरणीचे गच्च बसलेले झाकण उचकटले आणि एकदा मोरीची जाळीसुद्धा मोकळी केली. (ते मी नंतर उकळत्या पाण्याने पुसले. टोकाला काही झालेले नाही.) तरी रोज माझे ऐकून ऐकून अकराव्या दिवशी तीही हातातली सुरी खाली ठेवून, हात वर करून एक पाऊल मागे सरली. त्या दिवशी मला वाटले, की आता आपले घर तयार आहे.

बाराव्या दिवशी कंडक्टरकाका रेडिओ घेऊन आले. निरोप समारंभात त्यांना मिळालेला, लाकडी पेटीचा, चांगला दोन हात लांब रेडिओ. तो डाव्या बाजूला थापट मारल्याशिवाय बोलत नसे. आतली एखादी तार सुटली असावी, हे मी ओळखले. माझे पहिले खरे काम, भावोजी! मी उशी काढून ठेवली (तापलेले आयर्न कापसावर पडले तर पेट घेईल, हा विचार आपण सांगितला नव्हता, तो माझा स्वतःचा), रेडिओचा प्लग निघालेला आहे हे तीनदा पाहिले, मागचे झाकण उघडले, खिडकी उघडली, स्पंज भिजवला आणि अकरा दिवसांत प्रथमच आयर्नचा प्लग लावला. पाच मिनिटांनी टोक पुसून त्याला सोल्डर लावले. छान चकाकले. धुराची एक बारीक रेघ वर गेली. ती बघायला कंडक्टरकाका वाकले, ती थेट त्यांच्या नाकात गेली आणि ते खोकू लागले. मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणालो, "काका, धुरावर तोंड नेऊ नये. जरा मागे." ते सरले. लोंबणारी रेडिओची वायर त्यांच्या पायात होती. तीही त्यांच्याबरोबर सरली, आणि तिच्यामागे रेडिओ टेबलाच्या कडेकडे निघाला.

तो काही झटक्यात पडला नाही. आधी एक कोपरा बाहेर आला, मग थांबला, मग विचार करून निघाला. एवढ्या वेळात लहान मुलानेही तो धरला असता. परंतु मी दोन्ही हात वर करून एक पाऊल मागे सरलो. आईने सुरी खाली ठेवली, दोन्ही हात वर केले आणि एक पाऊल मागे सरली. बाबांनी वर्तमानपत्र सोडले, दोन्ही हात वर केले आणि एक पाऊल मागे सरले. कंडक्टरकाका एकटेच ओरडत होते, "अरे झेला! झेला की कोणीतरी!" रेडिओ फरशीवर पडला. आणि सवयीने बाबांच्या तोंडून "शाब्बास!" निघून गेले.

आयर्न मात्र स्टँडमध्ये अगदी सुरक्षित होते. हे मी काकांना सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही.

काका जे बोलले त्यातले लिहिण्यासारखे एवढेच, की बसच्या दारातून म्हातारी पडत असती तरी या घराने हातच वर केले असते. मग ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हा बोलल्याशिवाय मी खाली जात नाही." रेडिओच्या पेटीला नुसती एक चीर गेली होती, पण आत अकरा तारा सुटल्या होत्या. मी कामाला बसलो. मी आयर्नवर सोल्डर वितळवायचो आणि तो थेंब तारेवर नेऊन ठेवायचो. वाटाण्याएवढा गोळा व्हायचा, चांगला दिसायचा, आणि तार जरा हलवली की तिच्यासकट निघून यायचा. असे चार वेळा झाले. काका घड्याळ बघत होते. आई इतका वेळ भाजी चिरत बघत होती. ती म्हणाली, "अरे, तू तार तापवतच नाहीयेस. तवा तापल्याशिवाय तेल सोडतं का कोणी?" मी म्हणालो, की हे असे पुठ्ठ्यावर नाही. ती म्हणाली, "सरक."

तिने बाह्या वर सारल्या, केस घट्ट बांधले, तोंड धुरापासून बाजूला केले आणि आयर्नचे टोक आधी तारेला नि तिच्या खालच्या धातूच्या पत्रीला मिळून टेकवले. जरा थांबून दुसऱ्या बाजूने सोल्डरची तार लावली. सोल्डर आपोआप पसरले आणि चकाकत बसले. अकरा तारांना तिला पाव तासही लागला नाही. मधे मधे टोक ओल्या स्पंजला पुसत होती, उठताना प्लग तिनेच काढला आणि साबणाने हात धुऊनच भाजीला हात लावला. यातले काहीही तिने पुठ्ठ्यावरून वाचलेले नाही. (त्याचेच मला जास्त लागले.) रेडिओ न थापटता बोलू लागला. काकांनाच चुकल्याचुकल्यासारखे झाले. त्यांनी निघताना त्याला उगीच एक हलकी थापट मारली, तरी तो बोलतच राहिला.

तर सांगायचे तात्पर्य असे, की पूर्ण महिन्यात या घरात कोणीही भाजलेले नाही. सोबत चिठ्ठी जोडली आहे. तिच्यावर माझी आणि बाबांची सही आहे. कंडक्टरकाका घरातले नसूनही त्यांनी आपण होऊन सही केली आणि खाली "मनुष्यहानी नाही" असे लिहिले. आपला शब्द आपल्याला आठवत असेलच. एक तारखेला सकाळी मी आपल्या दुकानाच्या पायरीवर हजर असेन. दुकान उघडण्याआधी येईन, म्हणजे आपल्याला वाट पाहावी लागणार नाही.

ताईला आणि छोट्या भाचीला माझी आठवण सांगावी, आणि थोडे लिहिले त्यात बरेच झाकले आहे, तेही समजून घ्यावे.

आपला मेहुणा,
ज्याला आपण अग्निशमन दल म्हणता तो

ता. क. : चिठ्ठीवर आईची सही नाही, हे आपल्या नव्या चष्म्यातून दिसलेच असेल. ती विसरलेली नाही. तिचे म्हणणे, "कोणी भाजलं नाही हे खरं, पण त्यात तुझं कर्तृत्व काय? तू काही केलंच नाहीस." गेले दोन आठवडे इमारतीतले लोक तिच्याकडे येतात. तिने एका बाईचा मिक्सर, शिंप्याचा टेबलदिवा आणि एका पेन्शनरांचा कानात घालायचा पंखा (त्यांनी तसेच म्हटले, मी विचारले नाही) दुरुस्त केला. मी शेजारी बसून सोल्डरची तार धरतो. खरे लिहायचे तर तिचे जोड माझ्या जोडांपेक्षा चांगले बसतात.

ता. क. २ : खरी विनंती अशी, की आईला एक तारखेपासून आपल्या दुकानात यायचे आहे. तिला आपण सभ्य शब्दांत नाही म्हणावे. मी सांगून पाहिले, की सासू जावयाच्या हाताखाली कशी काम करणार? भावोजी तुला "ती पक्कड दे" असे कसे म्हणतील? ते म्हणतील, "आपण जरा पक्कड द्याल का?" आणि तेवढ्यात तार थंड होईल. त्यावर ती म्हणाली, "पक्कड त्यांनी मागायच्या आत मी दिलेली असेल." स्टूल एकच आहे, हेही सांगितले. ती म्हणाली, "बघू." आपल्याला आईचे "बघू" माहीत आहे. तेव्हा कृपा करून ठाम राहावे. हे मी लिहिले असे कळू देऊ नये. पाकीट मी दोनदा चिकटवणार आहे.

ता. क. ३ : टपालाने हे एक तारखेच्या आत पोचणार नाही, असे पोस्टात कळले. म्हणून ते हातोहात पाठवत आहे. आपण ही ओळ वाचत असाल तेव्हा ते आणणारी आपल्या समोरच उभी असेल. तिला एवढ्या लांबून आल्यावर उभे ठेवू नये. पण बसायला काय द्याल, याचा आधी नीट विचार करावा.