म्हैस विलीन होत नाही

आषाढ शु. पंचमी

केळीची उभी ओळ आडवी केली, त्याचं काय? हे मी आधी विचारलं. तहसिलीतल्या बाबूचा नमस्कार तसाच हवेत लोंबकळत राहिला. हातात छत्री, बूट गाऱ्यानं भरलेले. म्हणे, "माँजी, मैं केले के लिए नहीं आया. गाड़ी के लिए आया हूँ."

म्हटलं, गाडी केळीवरूनच आली, तेव्हा तू पण केळीवरूनच ये.

सगळं पहिल्यापासून ऐकवलं. घाटापलीकडच्या राजानं लढाईतली ही गाडी घेतली, बदकं मारायला. चाकांना जमिनीचा स्पर्श नाही, खालून रुंद पट्टे फिरतात, चिखलात चालते, पाण्यात तरंगते. मागच्या थंडीत बदकांच्या मागं माझ्या मळ्यात घुसला, पोटात घड असलेल्या केळी चिरडल्या, आणि नाल्याकाठी गाडी बंद पडली. राजा पायी गेला. मी निरोप धाडला, केळीचं काय ते चार माणसांत येऊन बोल, मग गाडी ने. आला नाही. गाडी माझ्याकडं राहिली.

बाबू म्हणे, "रियासत विलीन हो गई. राजासाहब का जो था, सब सरकार का."

नामदेव मिलमधून आल्यावर त्याला विचारलं, विलीन म्हणजे काय रे? म्हणे, "साखर पाण्यात जाते ना माय, तसं."

मग राजानं मोडलेल्या केळी? त्या बी विरघळल्या?

पोरगं भाकरीकडं बघत बसलं.

आषाढ शु. अष्टमी

रहीमभाई आला. राजाकडं हाच ड्रायव्हर होता. राज्य गेलं तशी नोकरी गेली, आता बुऱ्हाणपूरच्या लालबागेत बहिणीकडं राहतो. गाडीवर जीव आहे त्याचा. बंद पडलेली यानंच उघडून, पुसून चालू केली, कुणी न बोलावता. मी तिला म्हैस म्हणते ते त्याला आवडत नाही. इतकी महागाची चीज!

चिखलात बसते, पाण्यात डुंबते, हाकलल्याशिवाय हलत नाही. मग काय हरणी म्हणू?

आज मी चालवली. दोन दांडे आहेत. डावा ओढला की डावीकडं, उजवा ओढला की उजवीकडं, दोन्ही ओढले की उभी. म्हणजे कासरेच की. पण पायाचं काम अवघड. पाय सोडला आणि म्हशीनं उडी मारली. माझ्या तोंडून बैलाला थांबवायचं "हो हो हो" निघालं.

रहीमभाई पोट धरून हसला. "अम्मा, इसके कान नहीं हैं!"

नाहीत तर नाहीत. माझ्या घरात कान असलेलेही ऐकत नाहीत.

आषाढ पौर्णिमा

नामदेवचं तेच तुणतुणं. गाडी देऊन टाक. मळा विकू. लालबागेत मिलजवळ खोली घेऊ, तू नातीला सांभाळ.

मळा नाल्यापलीकडं, उंचवट्यावर. चार महिने मधली वाट दलदल. मागच्या पावसात ढवळ्या तिथं फसला, पाय मोडला, परत उठला नाही. त्याच्या मागं पवळ्याही विकावा लागला. घड तिकडं झाडावर पिकून काळे पडले, मी अलीकडून बघत होते. म्हैस गेली की यंदा तेच. मळा गेला की मी लालबागच्या खोलीत, खिडकीतून मिलचा भोंगा ऐकत.

"माय, सरकारशी कशाले वाद घालते?"

म्हटलं, मी वाद घालत नाही. मी विचारते. वाद त्यांच्याकडून होऊ राहिला.

सून सखू भांडी घासत होती. तिनं परात अशी आपटली की नामदेव उठून बाहेर गेला. ही माझ्याच बाजूची.

आषाढ व. षष्ठी

पहिली खेप काढली. मी दांड्यांवर, सखू मागं, येताना घडांवर बसून.

वाट म्हणायची फक्त. वरनं गवत हिरवंगार, खाली काही नाही. काल रहीमभाईनं काठी खुपसली ती अख्खी आत गेली. म्हैस त्यावरून गेली. हळू, डुलत, पट्ट्याखाली गारा फसफस करत. मधे थांबायचं नाही, हे समजलं. थांबली की खाली बसते. आणि एकदम वळवायचं नाही, पट्टा चिखल खणत जातो आणि आपणच आपला खड्डा करतो.

मग नाला. पुढचं तोंड पाण्यात घुसलं तेव्हा सखू ओरडली, "आत्याबाई, बुडाली!" नाही बुडाली. तोंड वर आलं, जमीन सुटली, तरंगायला लागली. पट्टे पाण्यात नुसते फिरत होते, अगदी सावकाश पुढं जात होती. माझे दात आवळलेले. पलीकडच्या काठाला पट्टा लागला, धडकन वर चढली.

भीती मलाही वाटली होती. सखूला सांगितलं नाही. तिनंही तिचं सांगितलं नाही.

श्रावण शु. द्वितीया

पाटील पारावरून ओरडला, "काकू, सर्कस काढली का सासू-सुनेनं?"

काढली. तिकीट काढून बसा.

श्रावण शु. दशमी

एक दिवसाआड सखूच चालवते. माझ्याहून बरी. नाल्यात मागचं सुकाणू फिरवायचं तिला जमलं, मला नाही जमलं. सांगितलं तिला तसं, उगाच का लपवायचं. लाजली बिजली नाही. म्हणे, "तुम्ही फार ओढता आत्याबाई. ती बैल नाही, तिला दुखत नाही, पण ती ऐकते."

रहीमभाईच्या अगदी उलट बोलली. दोघांत कुणाचं खरं…

बाबूचा निरोप. पोळा झाला की गाडी न्यायला येणार.

श्रावण अमावास्या. पोळा.

गोठ्यात बैल नाही, म्हणून पोळा करायचा नाही? जो राबला त्याचा पोळा. सकाळी म्हशीला धुतली. आत घागरीनं पाणी ओतून झाडून काढली, तळाला एक बूच आहे ते काढलं की घाण पाणी आपोआप वाहून जातं. गेरूचे ठिपके, पुढं दोन्ही बाजूंना केळीची खोडं बांधली, कपाळावर बाशिंग. कपाळ म्हणजे ती पुढची सपाट बाजू. त्यावर पुरणपोळी ठेवली.

नामदेव म्हणे मिलमध्ये लोक हसतील.

पाटील आपले बैल मिरवत दारावरून गेला. "काकू, म्हशीचा पोळा कधीपासून?"

"तुमचे बैल फसले की हाक मारा, ओढून काढायला येईल ती." त्याच्याबरोबरचीच माणसं हसली. बरं वाटलं.

भाद्रपद शु. प्रतिपदा

आला. बाबू, छत्री, सोबत एक चपराशी.

म्हटलं, गाडी नेशील. आधी केळी बघ. बैस.

"पानी में?"

"मग काय पालखी आणू? बैस."

चपराशी काठावरच राहिला, तो शहाणा. बाबू मागं सखूशेजारी बसला, छत्री उघडून. दलदल नीट पार झाली. नाल्यात उतरलो, जमीन सुटली आणि माझ्या पायाला गार लागलं. खाली बघते तर पाणी.

बूच!

"सखू, बूच कुठं आहे?"

"आत्याबाई… पूजेच्या ताटात."

काल मीच काढायला सांगितलं होतं, आणि हिनं देवाचं समजून हळदकुंकू लावून ठेवलं. बाबू उभा राहिला. ओरडले, बस, नाहीतर उलटेल. बसला. पाणी घोट्यापर्यंत आलं.

"ही गाडी कुणाची?" मी विचारलं.

"सरकार की," म्हणाला. अजूनही!

"मग उपस. सरकारची बुडते आहे."

छत्री उलटी करून उपसू लागला. निम्मं पाणी त्याच्याच मांडीवर. मी दांडे सोडले नाहीत, सोडून चालणार नव्हतं. सखूनं कमरेचा कोयता काढला, पोळ्याचं केळीचं खोड खसकन तोडलं, सोपाचे पापुद्रे सोलत सोलत आतला पांढरा गाभा काढला आणि कोपरापर्यंत पाण्यात हात घालून भोकात ठोकला. एकदा सुटला. दुसऱ्यांदा बसला. फुगला तसा घट्ट झाला. मग पलीकडच्या काठाला पट्टा लागला.

मळ्यात त्याला ती ओळ दाखवली. चिरडलेल्या प्रत्येक बुंध्याजवळ नवी पिलं आली आहेत, गुडघ्याएवढी. बाबू म्हणे, "माँजी, ये तो फिर उग आए."

"उगल्या त्या माझ्या मेहनतीनं. मोडल्या त्या कुणी?"

"राजासाहब ने."

"राजा कुठं आहे?"

"राजा तो… विलीन…" आणि थांबला. त्याचं त्यालाच कळलं.

परत येताना पाय वर घेऊन बसला होता. गाडी न्यायचं नाव काढलं नाही. जाताना मात्र म्हणाला, मला लिहावं लागेल. म्हटलं, लिही. केळी आधी लिही.

सखूला विचारलं, भीती वाटली? म्हणे, "वाटली. पण तो छत्रीनं उपसत होता ना, हसू जास्त आलं."

भाद्रपद शु. षष्ठी

कागद आला. नामदेवनं वाचला. गाडीसकट बुऱ्हाणपूरला हजर राहून जबाब द्या.

नामदेवचा चेहरा पडला. मग त्याचं त्यानंच कागद घडी करून खिशात घातला, म्हणे, "माय, मी जातो तुझ्याकडून. काय सांगू?" लालबागच्या खोलीचं एकदाही बोलला नाही.

तीन खेपा बाकी आहेत. पाऊस थांबलेला नाही. म्हैस दारात आहे, तळाला खरं बूच, वर अजून थोडं हळदकुंकू. रहीमभाई पट्टे बघून गेला, म्हणे, ये मौसम निकाल लेगी.

नामदेवला सांगितलं ते इथंही लिहून ठेवते, म्हणजे तिथं जाऊन तो गुळमुळीत करणार नाही:

म्हैस दारात बांधलेली आहे, लपवलेली नाही. ज्याला हवी त्यानं आधी नाला ओलांडून माझ्या केळी बघाव्यात. मी जबाब देणार नाही, मी कुणाचं काही मोडलेलं नाही. राजाचं सगळं ज्यानं घेतलं त्यानं राजानं मोडलेल्या केळीही अंगावर घ्याव्यात. नाहीतर राजाला तिथं बोलवा आणि कागद धाडणाऱ्या साहेबाला त्याच्या शेजारी बसवा. आधी त्या दोघांनी ठरवावं कोण बोलणार. जो ठरेल, त्यानं उभं राहून जबाब द्यावा.