दुसऱ्या थरावरची ताइवो

लागोस,
ता. ९ जानेवारी २००५

ती. बोसेदेताईस,
शि. सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर इसेयीनला धड पोचल्याचं बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं. टोकुनबो आहे, गोऱ्यांनी वापरून टाकलेला, पण चालतो. भाऊजी गेले, फिल्म आणि कागदही मिळेनासे झाले. स्टुडिओ चालवायचा तर फोटोचं हे सॉफ्टवेअर शिकण्यावाचून गत्यंतर नाही. शिव्या मनातल्या मनात दे.

माझं लॅबमध्ये तेच चाललंय. दिवसभर नवऱ्या मुलींचा घाम पुसते, पुटकुळ्या काढते, मागे धबधबा लावते. जिनं आयुष्यात नळापलीकडे पाणी पाहिलं नाही, तिलाही धबधबाच हवा! संध्याकाळी मान नुसती आखडून जाते.

आता मुख्य काम. माझ्या ताइवोला जाऊन वर्ष होत आलं. सासूबाई परवा पुन्हा बोलल्या, की जुळ्यांतलं एक गेलं की मागे राहिलेल्याचा फोटो दोनदा छापून दोघं शेजारी बसवतात, तुमच्या घरात स्टुडिओ असून भिंत रिकामी कशी? आजीच्या काळी सुतार गेलेल्या जुळ्याची लाकडाची बाहुली करून द्यायचा. आता पाद्रीबुवा डोळे वटारतात, म्हणून फोटो. मी लॅबमध्ये केहिंदेचा फोटो उघडून बसले होते. ताई, हातच चालेना. लोकांच्या गेलेल्या पोरांचे किती केले मी, गाणी गुणगुणत. माझ्या पोरीचा माझ्याच्यानं होत नाही. केहिंदे तुझ्याजवळ आहे, तिचा नवा फोटो काढ आणि तूच कर. मी शिकवते.

पहिला धडा. डावीकडच्या पट्टीत दोरीच्या फासासारखं चित्र आहे. ते घेऊन पोरीच्या कडेकडेनं फिरायचं आणि निघालीस तिथंच परत यायचं. तिच्याभोवती मुंग्यांची रांग चालू लागली, की जमलं समज. मग नक्कल करून चिकटव. घाई करू नकोस, कान तुटतो.

केहिंदेसाठी लाल सँडल पाठवलेत. तिला माझा पापा दे. लोभ आहेच, तो रागावतानाही आटू देऊ नये, ही गुडघे टेकून विनंती.

तुझी,
अबिदेमी


इसेयीन,
ता. ३० जानेवारी २००५

चि. अबिदेमीस,
अ. उ. आ.

तुझ्या मुंग्यांनी मला चावून खाल्लं. दोन वेळा पोरीचा कान तुटला, एकदा अख्खी वेणी गेली. त्यात वीज येते पाहुण्यासारखी, बसते न बसते तोच निघाली. जनरेटर लावला तर शेजारचा विणकर ओरडतो, की माग सोडून तुमचा भोंगा ऐकत बसू का?

शेवटी केहिंदे कापली गेली, नक्कल झाली, चिकटवलीही. पण पडद्यावर एकच पोरगी! मग मला तुझ्या भाऊजींची पद्धत आठवली. अंधाऱ्या खोलीत ते अर्धा कागद काळ्या पुठ्ठ्यानं झाकायचे, एका बाजूला छापायचे, मग पुठ्ठा दुसरीकडे सरकवायचे. मी तोच पुठ्ठा काढला, अर्ध्या पडद्यावर चिकटपट्टीनं डकवला आणि छापायचं बटण दाबलं. छापून काय आलं? एकच केहिंदे, मधोमध. हस, हस. तुला हसू येत असेल तर बरंच आहे, बरेच दिवस हसली नसशील.

तुझे सँडल परत पाठवतेय. पोरीच्या टाचा बाहेर येतात. तू माप गेल्या वर्षीचं धरलंस. अगं, वाढायची थांबली ती ताइवो. ही वाढतेय. पुढचा दात पडलाय, ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते. रविवारी रीतीप्रमाणे जुळ्यांच्या नावानं घेवडा शिजवून गल्लीतल्या पोरांना वाटला, तेव्हा हिनं शेजारी दुसरं ताट मांडून घेतलं आणि ते कुणालाही शिवू दिलं नाही.

आता सरळ विचारते. तू कधी येणार? ताइवोला पुरल्यापासून तू गावात पाऊल टाकलं नाहीस. फोनवर बोलतेस ती माझ्याशी. पोरीच्या हातात फोन दिला की तुझ्या लॅबमध्ये नेमकं गिऱ्हाईक येतं. मी थकले गं. नवरा गेला, डोळे चालले, आणि आता या वयात माउस धरायचा. पण पोरीचं ओझं मला नाही, हे लक्षात ठेव. ओझं आहे ते ‘आई कधी येणार’ याचं उत्तर देण्याचं.

जेवत जा वेळेवर. मोठ्या बहिणीचे आशीर्वाद मागावे लागत नाहीत, ते आहेतच.

तुझी,
बोसेदेताई


लागोस,
ता. १३ फेब्रुवारी २००५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुठ्ठ्याचं वाचून खरंच हसले. लॅबमधल्या पोरी विचारायला लागल्या, इया इबेजी, काय झालं? अजून मला जुळ्यांची आईच म्हणतात. कुणाला दुरुस्त करत बसू?

तुझी दुसरी केहिंदे हरवलेली नाही, पहिलीच्या नेमकी वर बसलीय. काचेवर काच ठेवावी तसे हे थर असतात. बाण घे आणि वरचीला बाजूला ओढ. मग यादीत ‘आडवं उलटव’ असं असेल ते दाब, म्हणजे आरशात पाहिल्यासारखी फिरेल आणि दोघी एकमेकींकडे बघतील. प्रत्येक थरासमोर छोटा डोळा आहे. तो मिटला की त्या थरावरचं माणूस दिसेनासं होतं. पुसलं जात नाही हं, घाबरू नकोस. पुन्हा डोळा उघडला की परत येतं.

यायचं म्हणतेस. हा लग्नांचा हंगाम आहे, मालक सोडत नाही. मग ईस्टर येतो. ताई, तुला खोटं कशाला सांगू? केहिंदे दारातून पळत आली तर मी तिच्या मागे बघणार. तिचा चेहरा बघवत नाही मला. तो एकटीचा नाहीये. फोटो झाला, भिंतीवर लागला, की कदाचित जमेल. लवकर कर.

तुझ्या रागालाही नमस्कार.

तुझी,
अबिदेमी


इसेयीन,
ता. २७ फेब्रुवारी २००५

चि. अबिदेमीस,
अ. उ. आ.

जमलं. बाईसाहेब, तुझी बहीण शिकली! दोघी एका बाकावर, निळ्या फ्रॉकमध्ये, एकमेकींकडे बघतायत. कान शाबूत. मीच केलं आणि मीच रडले. चहा गार झाला.

केहिंदेला दाखवलं. तिनं विचारलं, यातली मी कुठली? डावीकडची तू, उजवीकडची ताइवो, असं मी सांगितलं. तिचं म्हणणं, ताइवोचा दात पडलाच नव्हता. खरंच की! मग एका जुन्या फोटोतून दात आणून बसवला. कसा, ते विचारू नकोस. पोरीला थरांसमोरच्या डोळ्यांची गंमत दाखवली. ताइवो जा, ताइवो ये, असा खेळ चालला, खिदळत होती. मी भांडी घासायला उठले.

परत आले तर पडद्यावर एकटी ताइवो. केहिंदेनं स्वतःच्या थराचा डोळा मिटला होता. मी विचारलं, अगं, तू कुठं गेलीस? तर म्हणते, मावशी, असाच पाठव, म्हणजे आई येईल.

शिट्टी वाजवत म्हणाली गं. रडली नाही, रुसली नाही. पुठ्ठा कुठल्या बाजूला ठेवायचा ते सांगावं, तसं सांगितलं. तिनं तो डोळा अजून मला उघडू दिलेला नाही. माउसला हात लावला की हात धरते.

मी फोटो पाठवत नाही, अबिदेमी. भिंतीवरही लावत नाही. मला जेवढं येत होतं तेवढं केलं, पुढचं मला येत नाही.

तुझी,
बोसेदेताई


लागोस,
ता. ३ मार्च २००५

चि. केहिंदेस,
अनेक पापे.

हे पत्र मावशीकडून वाचून घे. मी मालकाला सांगून टाकलं, नवऱ्या मुली धबधब्याशिवाय लग्न करतील. हे पत्र नेणाऱ्या बसच्या पाठोपाठ शनिवारची बस सुटेल, तिच्यात मी आहे. सँडल आणत नाही. बाजारात तू माझ्यासोबत चल, तुझ्या पायाला लावून घेऊ.

मावशीला म्हणावं, घेवडा भिजत घाल. ताटं चार मांड, ताइवोचंही. तिची आठवण आली तर मी रडेन, तू घाबरू नकोस. शिट्टीनं ‘स’ म्हणून दाखव. मी तो अजून ऐकलेला नाही.

आणि बाई, माझं एक काम कर. मी पोचायच्या आधी कॉम्प्युटर लाव, आणि तुझ्या नावासमोरचा तो डोळा उघड.

तुझी वाट बघणारी नव्हे, तुझ्याकडे निघालेली,
आई