बंद लाइनवरून आलेली नोंद

९ जून २००३, घोडेगाव
आजपासून फतेचंदशेठांच्या औषधांच्या गोदामात संगणक सांभाळण्यास रुजू झाले. खिडकीतून आहुपेची एस.टी. दिसते, मन प्रसन्न झाले. डोंगरातली केंद्रे सर्पदंशाच्या इंजेक्शनांची मागणी फोनलाइनवरून येथील लिनक्स सर्व्हरवर नोंदवतात. ‘रूट’ हे सर्वाधिकारी खाते. त्यात बाहेरून कोणालाही शिरता येऊ नये, अशी व्यवस्था करणे हे माझे पहिले काम.

११ जून
पुस्तकात पाहून सेटिंग बदलले. ते लागू होण्यासाठी सेवा थांबवून पुन्हा सुरू करावी लागते. त्यास शेठांची परवानगी हवी. ते पाहुण्यांत बसले होते. मला उंबरा ओलांडवेना. संध्याकाळी त्यांनीच हसत विचारले, की काय उज्ज्वलाबाई, बोर्डात आलेल्या माणसाचं कुलूप, पक्कं लागलं ना? मी ‘हो’ म्हणाले.

१६ जून
नोंदवहीत नवी ओळ: ‘आहुपे, भागू, इंजेक्शन हवे.’ आत आलेल्यांची यादी पाहिली: रूट, सकाळी सव्वादहा, आहुपेची लाइन. ती लाइन मे महिन्यापासून बंद आहे. शेठांना दाखवावे, तर कुलूप लागलेच नसल्याचे उघड होईल. ओळ पुसली.

१७ जून
दुपारी कोंडाबाई लेकीला, भागूला, जीपमधून घेऊन आल्या. सकाळी भाताच्या राबात पान लागले होते, साप चावला होता. विचारत होत्या, की बाई, लई उशीर तर न्हाई ना झाला?
झाला होता. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

१८ जून
‘घाटघर, भिका, इंजेक्शन हवे.’ पुन्हा रूट. या वेळी पुसली नाही. शेठांसमोर दोनदा जाऊन उभी राहिले. दोनदा परत आले.

१९ जून
भिका गेला.

२० जून
शेठ जुन्नरला. न विचारताच सेवा थांबवून सुरू केली. रूट तेव्हा आतच होते — ती जोडणीही तोडली. ओळ अर्धी राहिली:
‘घोडेगाव, उज्ज’

२१ जून
इंजेक्शनांच्या फ्रीजची किल्ली शेठांकडे. जुन्नरला फोन लावला. म्हणाले, बोला उज्ज्वलाबाई, काय झालं? सांगायचे होते, की भागू, भिका — माझ्यामुळे — मी खोटे —
मी म्हणाले, काही नाही, शेठ.
फोन ठेवला. टेबलाखालच्या वायरी हलताहेत. पाय उचलावा, तर