एकतीस फावडी आणि एक कोरं विधेयक

सांता फे
गुरुवार, १६ फेब्रुवारी १९८९, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. विधिमंडळाच्या पूर्वेकडच्या दारापाशी, दार उघडण्याची वाट बघत, कार्डं दुसऱ्यांदा मोजतो आहे.

ती. एस्कोलास्तिका आत्यास,
बेनिग्नोचा कृ. सलाम. वि. वि.

तुझी लाल मिरची पोचली. घरमालकीणबाईंनी ती घालून मक्याचं पोसोले केलं आणि मिरची कुठली म्हणून तीनदा विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं, पाटाचं नाही. उगाच कोणाच्या कानावर कशाला.

मुख्य बातमी अशी, की नवीन विधेयकं मांडायची मुदत काल संपली. आता या अधिवेशनात कोणी नवं विधेयक आणू शकत नाही, त्यामुळे काल महिन्याभरात पहिल्यांदा मला शांत झोप लागली. मांडलेली सगळी विधेयकं मी प्रती मिळतात त्या खिडकीवरून आणून वाचली. ज्यात पाणी, पाट, शेत, नदी, विहीर यांतला एखादा जरी शब्द आहे त्याचं कार्ड केलं. सत्तेचाळीस झाली. अवघड शब्द आला की खिडकीवरच्या ओफेलियाबाई त्यांचा शब्दकोश देतात.

मागच्या मिरचीच्या तोडणीला तो शहरातला माणूस येऊन पडीक शेतांच्या पाण्याला भाव सांगून गेला, तेव्हा तू त्याला कलम दाखवलंस: पाटाची संमती असल्याशिवाय कोणालाही आपलं पाणी पाटाबाहेर विकता येत नाही. तो हसला आणि कायदे काय, दर जानेवारीत बदलतात, असं म्हणाला. त्याच्या त्या हसण्यापायी मी इथे बसलो आहे. तर आत्या, त्या कलमाला हात लावणारं एकही विधेयक नाही. सगळी तीनदा तपासली.

याशिवाय तीसेक कोरी विधेयकं आहेत. त्यांना क्रमांक आहे, मांडणाऱ्याचं नाव आहे, आणि आत जनतेच्या शांती, आरोग्य व कल्याणासाठी एवढी एकच ओळ. नंतर लागलं तर भरायला म्हणून तशी ठेवतात म्हणे. त्यांत काही लिहिलेलंच नाही, म्हणून त्यांची कार्डं केली नाहीत.

तू हो म्हणालीस तर शनिवारच्या बसने परत येतो. लोभ असतोच, तो उत्तरातही दिसावा.

तुझा भाचा,
बेनिग्नो

ला होयिता
२० फेब्रुवारी

चि. बेनिग्नोस,
आत्याचे आशीर्वाद, आणि एक टपली.

तुझं पत्र मी शाळेच्या बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून चुका शोधल्या, एकही मिळाली नाही. आठवीत शाळा सोडलेल्या पोराने असं करावं याचं त्यांना फार वाईट वाटलं.

तुला शांत झोप लागली हे वाचून माझी उडाली. पाटाच्या वर्गणीतून आठवड्याला वीस डॉलर खर्चाला देतो ते तू झोपावंस म्हणून नाही. बत्तीस हिस्सेदारांत तुझ्याइतकी काळजी करणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून तुला पाठवलं. ती आता कुठे कामाला येते आहे, तर तू बस शोधतोस.

आमचे हे गेल्यापासून मी पाटकरीण आहे. भरलेल्या चारीने मला कधी फसवलं नाही. पाणी डोळ्यांना दिसतं, मालकाला चार शब्द सुनावता येतात. पाटावरून चालताना मी बघते ती कोरडी चारी. कोरडी आहे आणि गवत माजलंय, तर मालक आळशी, पुढे चला. पण कोरडी आहे आणि तळ मात्र नुकताच साफ केलाय, तर त्या गृहस्थाला पाळी सोडून पाणी घ्यायचं आहे. तिथे मी दगड बघून बसते. तुझ्या त्या तीस कोऱ्या विधेयकांत कोणाचा तळ साफ केलेला आहे ते बघ. कसं बघायचं ते मला विचारू नकोस. मी राजधानीत दोनदा आले, दोन्ही वेळा दाढ काढायला.

प्रिमितिवोला त्या शहरी माणसाचं पुन्हा पत्र आलं आहे. शेत नऊ वर्षं पडीक, मुलगे आल्बुकर्कीला, आणि हा दुकानात बसून सगळ्यांना पाकीट दाखवतो, आतला कागद दाखवत नाही. मी विचारलं तर म्हणाला, माझं पाणी, माझं पाकीट. मी म्हटलं, पाकीट तुझंच बाबा, पण पाणी माझ्या घेवड्यात येतं.

शनिवारची बस तुझ्याशिवाय येऊ दे. घोंगडी नीट पांघर.

तुझी आत्या

सांता फे
शुक्रवार, २४ फेब्रुवारी, दुपारी साडेबारा. बाकावर, तोर्तिया खात.

ती. आत्यास,
कृ. सलाम. वि. वि.

तळ साफ केलेली चारी सापडली. क्रमांक ६१४.

प्रत्येक विधेयकाला समित्यांच्या दारांतून जावं लागतं. कोऱ्यांपैकी बहुतेकांना दोन-दोन, तीन-तीन समित्या लावल्या आहेत. ती तुझी गवत माजलेली. ६१४ ला एकच समिती. ओफेलियाबाईंना विचारलं. आत काय येणार हे त्यांनाही माहीत नाही. पण एकच समिती म्हणजे कोणालातरी घाई आहे, असं त्या म्हणाल्या. मांडणारे सिनेटर रस्ते आणि पूल यांवरच बोलतात, त्यामुळे कदाचित एखाद्या पुलासाठीही असेल. तरी मी त्या समितीच्या दारासमोरचं बाक धरलं आहे.

दारावरच्या पहारेकऱ्याने कोणाची वाट बघतोस म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं, एका कोऱ्या कागदाची. तेव्हापासून रोज सकाळी तो मला कोरे साहेब म्हणून हाक मारतो. मला अजून काळजी वाटते, पण आता कसली वाटते ते ठाऊक आहे, म्हणून बरं वाटतं.

उत्तर लिही. दोन ओळी असल्या तरी चालतील, पण रागावलेल्या नकोत.

तुझा,
बेनिग्नो

ला होयिता
२ मार्च

चि. बेनिग्नोस,
अनेक आशीर्वाद. यावेळी टपली नाही.

कोरे साहेब वाचून दुकानात सगळे हसले. पहारेकऱ्याला आमचा सलाम सांग.

इकडे बर्फ वितळायला लागलं आहे. ११ तारखेला पाट उपसायचा. मार्चचा दुसरा शनिवार. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून हाच दिवस आहे. सासरे स्वतः त्याच्या आदल्या दिवशी गेले, तरी शनिवारी आम्ही पाट उपसला आणि रविवारी त्यांना माती दिली. ते असते तर त्यांनीही तेच केलं असतं. यंदाही दर हिश्श्यामागे एक माणूस, आणि फावडं हातात नसेल तर हजेरी नाही. मागच्या वर्षी फादर टॉमस नुसता आशीर्वाद द्यायला आले, त्यांना मी गैरहजर धरलं. देवळाच्या बागेला पाणी हवं, तर देवळाचं फावडंही हवं.

प्रिमितिवो दुकानात हल्ली कोपऱ्यात बसतो. पाकीट दाखवत नाही. ते मला जास्त वाईट वाटतं.

पायमोजे पाठवले आहेत. घाल.

तुझी आत्या

सांता फे
गुरुवार, ९ मार्च, दुपारी चार. टपालाला वेळ नाही, आपल्या गावाकडे निघालेल्या पाववाल्याची गाडी बाहेर थांबवून लिहितो आहे.

ती. आत्यास,
सलाम. वि. वि.

६१४ भरलं.

आज दुपारी मजकूर आला. पूल नाही. त्यात पाट हा शब्द कुठेच नाही, शीर्षकात नाही, आत नाही. फक्त एवढं आहे, की जे पाणी सलग चार वर्षं वापरलं गेलं नाही ते मालकाला इतर कोणाच्याही संमतीशिवाय विकता येईल. मी शब्द शोधत बसलो असतो तर जन्मात सापडलं नसतं.

आपल्या पाटावर पडीक शेतं नऊ. त्या नवांचं पाणी पाटातून गेलं तर उरलेलं शेवटापर्यंत पोचणार नाही, वाटेतच वाळू पिऊन टाकेल. शेवटाला तुझं शेत.

सुनावणी शनिवारी सकाळी नऊला. म्हणजे ११ तारखेला. म्हणजे पाट उपसायच्या दिवशी. या समितीने होकार दिला की पुढे अडवायला दुसरं दार नाही. आपल्यातलं कोणी आलं नाही, तर पाटाच्या बाजूने मी एकटा. पाट उपसणं एक आठवडा पुढे ढकललं तर चालेल का?

दुकानात फोन केला होता. तिथे फक्त प्रिमितिवोकाका होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगतो म्हणाले. सांगतील की नाही याची खात्री नाही, म्हणून हे पत्र.

पाववाला भोंगा वाजवतो आहे.

बेनिग्नो

ला होयिता
शुक्रवार, १० मार्च

चि. बेनिग्नोस, आशीर्वाद. हे पत्र पाववाल्याच्याच हाती देते आहे.

प्रिमितिवो काल तुझ्या पत्राच्या दोन तास आधी येऊन सांगून गेला. दारात उभा राहून, टोपी न काढता, शब्द न शब्द. चार वर्षं हे दोनदा सांगितलं.

पाट उपसायचा दिवस बदलणार नाही. पाट जिथे तुंबतो तिथे उपसायचा असतो. यंदा तो राजधानीत तुंबला आहे. उद्या पहाटे पाचला चार ट्रक निघतील. सगळ्यांनी फावडी घेऊन यायचं, हजेरी तिथेच होईल.

प्रिमितिवो येतो म्हणाला. कोणाच्या बाजूने, ते बोलला नाही. फावड्याला धार मात्र लावत होता.

दाढी कर. पायमोजे घाल.

आत्या

सांता फे
रविवार, १२ मार्च, देवळातली मिस्सा प्रार्थना आटोपून, दहा वाजता.

ती. आत्यास,
कृ. सलाम. वि. वि.

पहारेकऱ्याने फावडी आत न्यायला मनाई केली आणि तू ती राखणीशिवाय ठेवायला, म्हणून तू बाहेरच राहिलीस. वर निकालाआधी सगळ्यांना घेऊन उरलेला पाट उपसायला निघूनही गेलीस. म्हणून आत काय झालं ते क्रमाने लिहितो. प्रिमितिवोकाकांनी ट्रकमध्ये काही सांगितलं नसेल, आणि बाकीच्यांनी प्रत्येकाने वेगळंच सांगितलं असेल.

आधी त्या शहरी माणसाच्या, पाणी खरेदी करणाऱ्या कंपनीचे वकील बोलले. छान बोलले. न वापरलेलं पाणी म्हणजे पेटीत कुजणारा पैसा, असं म्हणाले. मग माझं नाव पुकारलं. मी कागदावरून वाचलं. कागद दोन्ही हातांनी धरला होता. नऊ शेतं, शेवटाचं शेत, वाळू, सगळं सांगितलं. एका सदस्यांनी विचारलं, की मालकाला स्वतःची वस्तू विकायला शेजाऱ्याची परवानगी कशाला? मी कागद उलटून बघितला, मागची बाजू कोरी.

तेवढ्यात बाहेर मोठा खडखडाट झाला. फावडी घसरली ना? अध्यक्ष दचकले आणि हे काय म्हणून विचारलं. पहारेकरी म्हणाला, पाट आलाय, साहेब.

सगळे हसत असतानाच प्रिमितिवोकाका न बोलावता उठले. बाजूने की विरोधात, असं अध्यक्षांनी विचारलं. काका म्हणाले, की आधी लिहून घ्या, मला पैसे हवे आहेत. भाव चांगला आहे, पत्र घरी आहे. पण परवा या पोराचा फोन आल्यापासून मी पाटावर तीनदा फेरी मारली. माझ्या वाट्याचं पाणी पाटात असतं म्हणून त्याच्या रेट्याने सगळं पाणी शेवटापर्यंत जातं. मी माझं विकलं, तर विकेन माझं आणि बुडेल खालच्यांचं, आणि पैसे घेणार मी एकटा. असली वस्तू विकायची तर खालच्याला विचारायला नको? शिवाय पैसे एकदाच मिळणार. खालची बाई मला रोज भेटते. बाहेरच बसली आहे, वाटलं तर बघून घ्या.

आत्या, अध्यक्ष खरोखर उठून दाराच्या काचेतून बघून आले. मग म्हणाले, मुद्दा समजला.

सहा विरुद्ध तीन. विधेयक बाजूला ठेवलं. मेलं मात्र नाही. शनिवारी दुपारी बाराला अधिवेशन संपतं, तोपर्यंत ते पुन्हा उचलता येतं. म्हणून मी बाकावरून हलणार नाही. तब्येत सांभाळ, तू थंडीत फरशीवर बसली होतीस.

तुझा,
बेनिग्नो

ला होयिता
१४ मार्च

चि. बेनिग्नोस,
आशीर्वाद, दोन्ही हातांनी.

पाट साफ झाला. शनिवारी अंधार पडेपर्यंत अर्धा, काल उरलेला.

प्रिमितिवो आत काय बोलला ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. तुझं पत्र वाचून त्याला घेवड्याचं पातेलं पाठवलं, नेहमीपेक्षा मोठं. पातेलं घासून परत आलं आणि निरोप आला, मीठ कमी होतं. म्हणजे सगळं ठीक आहे.

आता हजेरी. एकतीस माणसं, एकतीस फावडी. तुझ्या घरच्या हिश्श्याची गैरहजेरी. तू आत होतास, बोललास, ते गावाने ऐकलं आणि गावाला त्याचा अभिमान आहे. पण तुझ्या हातात फावडं नव्हतं. चारपाच जणांनी तुझ्यासाठी रदबदली केली. सगळ्यांत ठाम विरोध फादर टॉमस यांचा होता. त्यांना सूट मिळाली नव्हती, मग तुला का? मला त्यांचं पटलं.

शनिवारी बारा वाजेपर्यंत काळजी कर. त्यानंतर एक दिवस सुट्टी घे.

तुझी आत्या

सांता फे
शनिवार, १८ मार्च १९८९, दुपारी बारा वाजून पाच मिनिटं. रिकाम्या दारासमोर, त्याच बाकावर.

ती. आत्यास,
कृ. सलाम. वि. वि.

बाराला अध्यक्षांचा हातोडा पडला. ६१४ कोणी उचललं नाही. अधिवेशनाबरोबर ते संपलं. ओफेलियाबाईंना दोनदा विचारून खात्री केली. तिसऱ्यांदा त्यांनी मला शब्दकोश भेट दिला आणि घरी जायला सांगितलं. पहारेकरी म्हणाला, पुढच्या वर्षी भेटू, कोरे साहेब.

जानेवारीत पुन्हा कोरी विधेयकं येतील. तेव्हा पहिल्या दिवसापासून त्यांचीच कार्डं करीन आणि प्रत्येकाला किती समित्या आहेत ते आधी बघीन. आता बस सुटेल, म्हणून हिशेब देऊन थांबतो. पत्राआधी मीच पोचेन बहुधा, तरी हिशेब लिहिलेला बरा.

पाटाकडून मिळाले, नऊ आठवड्यांचे: १८० डॉलर.
खोली व जेवण: १०८.
विधेयकांच्या प्रती: ११.२०.
कार्डं व पेन्सिली: ४.३५.
दुकानात फोन: १.८५.
बस, येण्याजाण्याची: १४.
उरले, सोबत आणतो आहे: ४०.६०.
नवं फावडं, माझ्या पैशातून, पाटाकडे मागणी नाही: ९.७५. ते घरमालकीणबाईंच्या दारामागे ठेवून येतो आहे. जानेवारीपासून इथेही हजेरी लागावी.
देणं, पाववाल्याला: त्याने पैसे घेतले नाहीत, मिरचीची एक माळ.
देणं, पाटाला: एक दिवस. फावड्यासह.

तुझा,
बेनिग्नो