बाबांची जीप विकायची नाही

पाडा, कासा
ता. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय नविनदादा,

नमस्कार. आईचे गुडघे सोडले तर घरी सगळं ठीक. वाल चांगले आलेत, कोंबडीने पिल्लं काढलीत. फोनवर तू नुसता 'हो हो' करतोस, म्हणून लिहिते.

तू जीपसाठी गिऱ्हाईक बघितलंस, असं मनिषकाका म्हणाले. त्याला नाही सांग. दुरुस्त झाल्यापासून कासाच्या भाड्याला ती मीच चालवते आहे.

आता चिडू नकोस, आधी पूर्ण वाच. लायसन काढलंय. काकांनीच शिकवलं, बाबांच्या दोस्तीखातर. सरळ रस्त्यावर जमायचं, पण नाल्याच्या वळणाशी आले की पाय ब्रेकवरच जायचा. पहिल्यांदा तिथे गाडी बंद केली, पोटभर रडले आणि मागे फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एका सकाळी चालतच गेले. बाबांची गाडी जिथे उलटली तिथल्या दगडावर ऊन चढेपर्यंत बसले. घरी आले, चावी घेतली आणि वळण पार केलं. भीती गेली नाही रे. अजून शेजारच्या सीटवर बसते, वर भाडंही देत नाही. बसू दे.

बाजाराच्या दिवशी बायका माझी जीप सोडून मागच्या जीपची वाट बघायच्या. पोरीच्या गाडीत कोण बसणार? शेवटी तानीआजी कोंबड्या घेऊन चढली. म्हणाली, "मरायचं तर चालतानाही मरेन. इथे निदान पाय तरी दुखणार नाहीत." ती धडधाकट उतरली, तशा बाकीच्याही बसायला लागल्या.

गेल्या सोमवारी आई बसली. वळणावर माझा खांदा घट्ट धरला, पण थांबव म्हणाली नाही.

दिवाळीला तुला सुट्टी मिळाली नाही म्हणे. तलासरी काय परदेश आहे? बाबांचं दिवसकार्य झालं आणि त्या वळणाच्या अलीकडे तू पुन्हा आलाच नाहीस. मला कळतं. रागही येतो आणि तुझी आठवणही येते. पण जीप विकली म्हणून वळण थोडंच जाणार आहे?

येत्या रविवारी बसने कासाला उतर. स्टँडवर कुणी कितीही हाका मारू दे, दुसऱ्या जीपमध्ये बसायचं नाही. मी तिथेच असेन. वळणावर रडू आलं तर गाडी थांबवेन, तू म्हणशील तेवढा वेळ.

मागे मात्र फिरवणार नाही.

तुझी बहीण, आणि रविवारची तुझी ड्रायव्हर,
निलम